भिंगरीचा मागचा डावा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. लगेच नाक मुरडू नका. अंगणाच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साठवत पडलेला टायर तुम्ही पाहिला असेल, तो मी नव्हे. मी एका स्पोर्ट्स कारचा मागचा डावा टायर होतो. आज मी दातांच्या दवाखान्यात भिंतीवर दिमाखात टांगलेला आहे, आणि दाढ दुखणारी माणसंसुद्धा मला बघून घटकाभर कळ विसरतात.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. बाहेर आलो तेव्हा अंगावर तिरक्या खाचा होत्या आणि कुशीवर एक छोटा बाण. गाडी पुढे जाताना मी त्या बाणाच्या दिशेनेच फिरायचं. मग माझ्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला फेकतात आणि मी रस्ता घट्ट धरतो. उलटा फिरलो, तर तेच पाणी माझ्या पोटाखाली गोळा होतं आणि माझी पकड सुटते. पण बाण काळा आणि मीही काळा, त्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांत भरत नसे.

माझी मालकीण, म्हणजे आमची ताई, दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात बघायची आणि सुटीच्या दिवशी भिंगरीला घेऊन डोंगरावरच्या शर्यतीला जायची. भिंगरी म्हणजे आमची गाडी. लाल, बुटकी आणि भलतीच तापट. ताई माझी निगा दातांसारखीच राखायची. दवाखान्यातली बारीक सळई आणून खाचांत अडकलेले खडे अलगद उपटायची आणि म्हणायची, "झालं हं, दुखलं नाही ना?" मी मनातल्या मनात लाजायचो.

तिच्या बाबांनी उभं आयुष्य लांब पल्ल्याच्या बस चालवल्या होत्या. त्यांचा एक रिवाज होता. घरात कोणाचा मोठा दिवस असला, की आदल्या संध्याकाळी ते घरच्या गाडीची चाकं फिरवत, पुढची मागे आणि मागची पुढे. त्याने चारही चाकांची झीज सारखी होते आणि कुठलंच चाक ऐन वेळी दगा देत नाही. लेकीच्या परीक्षेआधी त्यांनी चाकं फिरवली, दवाखाना उघडण्याआधीही फिरवली. "जपून जा" असं ते तोंडाने कधी म्हणत नसत, त्यांचा नट आवळायचा पानाच ते म्हणायचा. हे सगळं मला शेजारी उभ्या असलेल्या घरच्या गाडीच्या टायरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

भिंगरीवरून मात्र बापलेकीचं सारखं वाजायचं.

"चाकं फिरवलीस का?"

"बाबा, हिची तशी फिरवता येत नाहीत. मागचे टायर रुंद आहेत, पुढे बसणारच नाहीत."

"अगं, टायर तो टायर! मी काय खेळण्यातली बस चालवली?"

"चाकं राहू द्या," आई आतून ओरडायची, "पानं गार होतायत ती बघा आधी!"

बाबा एकदाही शर्यत बघायला आले नव्हते. "लोकांचे दात काढायचे सोडून स्वतःची हाडं मोडून घ्यायचे धंदे," असं म्हणत. खरं तर ते घाबरत होते. बाबांनी एकदा तरी समोर उभं राहून आपल्याला डोंगर चढताना बघावं, एवढीच ताईची इच्छा होती. त्या वर्षी ते हो म्हणाले. ताई इतकी खूश झाली, की माझ्यातले नसलेले खडेसुद्धा शोधत बसली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ताई दवाखान्यात होती आणि बाबा पाना घेऊन आले. त्यांनी मला काढून पुढच्या टायरशेजारी उभं केलं, रुंदी बघितली आणि डोकं खाजवलं. पोरगी खरंच बोलत होती. पण रिवाज मोडवेना. मग त्यांनी मधला मार्ग काढला. डावी चाकं उजवीकडे लावली आणि उजवी डावीकडे. नट आवळून माझ्यावर थोपटलं आणि समाधानाने हात धुतले. त्यांच्या बसच्या टायरांना असला बाण कधी नव्हता, मग ते तो शोधतील कशाला? मी ओरडून सांगितलं असतं, पण टायरला तोंड कुठे असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिपरिप सुरू झाली. प्रत्येक गाडीला दोनदा डोंगर चढायचा होता, आणि त्यातली जी वेळ चांगली तीच धरणार होते. ताईने टायरांतली हवा तपासली, आईबाबांना सुरुवातीच्या रेषेजवळ, जिथून मोठं वळण समोर दिसतं तिथे उभं केलं आणि निघाली. त्या वळणावर पाण्याचा लोट रस्ता ओलांडत होता. मी रस्ता धरायला गेलो आणि खाली नुसतं पाणीच लागलं. भिंगरीचा मागचा भाग कठड्याकडे सरकला. ताईने तिला कसंबसं सावरलं. खाली बाबांच्या हातातली छत्री कधी गळून पडली, ते त्यांनाही कळलं नाही.

आमची वेळ सगळ्यांत वाईट आली. खाली परतल्यावर ताई म्हणाली, "नाही जमत मला. मी नाव मागे घेते, बाबा."

बाबांच्या मनासारखंच झालं होतं. गप्प राहून ते लेकीला सुखरूप घरी नेऊ शकले असते. पण तिचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. काय करावं सुचेना, म्हणून ते खाली बसले आणि रुमालाने माझ्यावरचा चिखल पुसू लागले. पुसता पुसता त्यांचं बोट थांबलं.

"बाळा, हा बाण मागे का बघतोय?"

ताई वाकली. चारही चाकं बघून आली. "बाबा, तुम्ही..."

"मीच. काल संध्याकाळी," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "तू चांगलीच चालवत होतीस गं. मीच भिंगरीच्या पायांत उलटसुलट जोडे घातले."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण ताईने बाह्या सरसावल्या. "जॅक काढा, बाबा. आपला नंबर यायच्या आत व्हायला हवं."

मित्रांनो, पुढचं बघायला तुम्ही हवे होतात! भर रस्त्यात, प्रवाशांची कटकट ऐकत चाकं बदललेले बाबांचे ते हात होते. शेजारच्या स्पर्धकाने आपला जॅक आपणहून पुढे सरकवला. ताई नट सैल करायची, बाबा चाक उचलून बसवायचे, आई छत्री बाजूला टाकून नट गोळा करायची. "डावं दे!" "घ्या!" "बाण बघ!" "पुढे आहे!" मी माझ्या जागी परत आलो आणि मला हायसं वाटलं. आमचं नाव पुकारलं तेव्हा बाबा शेवटचा नट आवळत होते.

ते उठले, त्यांनी खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाले, "आता जपून नको. सुसाट जा!"

आणि आम्ही गेलो! वळण आलं, पाणी आलं, आणि माझ्या खाचांनी ते असं उडवलं, की दोन्ही बाजूंना कारंजी उठली. मी रस्ता धरला तो सोडलाच नाही. भिंगरी गर्जत वर गेली. वेळ मोजणाऱ्या बाईंनी घड्याळ पुन्हा एकदा बघितलं आणि कर्ण्यावर ओरडल्या, कारण दिवसभरातली सर्वोत्तम वेळ आमची होती! खाली बाबा पाना हवेत नाचवत होते. ज्यांना बघायचीही भीती वाटायची, त्यांनी डोळ्यांची पापणी लवू दिली नव्हती. "आता तरी जेवाल का दोघं?" आई म्हणाली, आणि डोळे पुसू लागली.

पुढे माझ्या खाचा झिजल्या आणि ताईने मला मानाने दवाखान्यात टांगलं. बाबांनी माझा बाण पांढऱ्या रंगाने रंगवला. मोठ्या दिवसाआधी ते घरच्या गाडीची चाकं अजूनही फिरवतात, कारण तिला ते मानवतं. भिंगरीपाशी मात्र पाना खिशातच राहतो. ते खाली बसतात, एकेका बाणावर बोट ठेवतात आणि लेकीला विचारतात, "बरोबर ना गं?"

मित्रांनो, आमची हवा बघा, खडे काढा, झिजलो की निरोप द्या. पण काळजीचा हात लावण्याआधी आम्हाला एकदा नीट निरखून बघा. प्रत्येकाचा बाण वेगळा असतो.

परवा गाल सुजलेल्या एका पेशंटने मला बघून कण्हत विचारलं, "हा बाण कुठला रस्ता दाखवतोय हो?"

बाकावर बसलेले बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "डोंगराच्या माथ्याचा."