लीलिंगच्या पावलाचा ठसा

वेपेरीच्या पोस्टात मी पार्सलच्या खिडकीवर बसायची. दर जानेवारीत एक चिनी बाई जाड लिफाफा घेऊन यायची. हाताला तो पत्रासारखा लागत नसे. १९५८ साली न राहवून मी विचारलं, "अम्मा, आत काय असतं?"

"पाय," ती तमिळमध्ये म्हणाली. "माझ्या मुलीचा." आणि पावती घेऊन निघूनही गेली.

घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "हेमावती, परक्याच्या लिफाफ्यात तुला काय करायचं?" पण दुसऱ्या दिवशी मी दारात पाय ठेवते न ठेवते तोच तिनं विचारलं, "कळलं का गं त्या पायाचं?"

बाईचं नाव शू-लान. नवरा दातांचा डॉक्टर होता. तो वारल्यावर त्याच्याकडून शिकलेलं काम ती एकटी करायची. माझी दाढ तशी फारशी दुखत नव्हती, पण मी गेले.

दहा वर्षांची लीलिंग शाळेचे मोजे घालून जाड कागदावर उभी होती आणि आई पेन्सिलीनं तिच्या पावलाभोवती रेघ ओढत होती.

"१९३८ मध्ये लढाईतून पळून आम्ही इथं आलो," शू-लान म्हणाली. "माझी आई तिकडेच, हूपेईत. तिनं नातीला पाहिलेलं नाही. या मापावर ती दर वर्षी कापडी जोडे शिवते."

फळीवर पाच जोड मांडले होते, भरतकाम केलेले, न घातलेले. जोडे पोचेपर्यंत पोरीचा पाय वाढलेला असायचा.

"मग माप पाठवता कशाला?"

"नात किती वाढली, हे तिला कळायला नको?"

१९६२ साली लढाई झाली आणि शू-लानला पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं लागलं. तिकडून टपाल येईना. तिचं पोस्टात येणं थांबलं, म्हणून मीच तिच्याकडे जाऊ लागले. जानेवारीत ती रेघ ओढतच राहिली. कागद कपाटात साठत गेले.

१९६५ मध्ये हाँगकाँगच्या मावसभावामार्फत पत्र आलं. मी तिथंच बसले होते. लीलिंगला चिनी वाचता येत नव्हतं, म्हणून शू-लान एकेक ओळ तमिळमध्ये सांगू लागली. आई जिवंत होती. पण दोन्ही डोळे गेले होते.

शू-लाननं पत्राची घडी केली आणि कपाटातले कागद बाहेर काढले. "आता हे कुणाला पाठवू?"

लीलिंगनं वरच्या कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अम्मा, रेघ तिला दिसणार नाही. दातांच्या साच्यांचं प्लास्टर आण."

पायाला तेल चोळून तिनं अनवाणी पाऊल ओल्या प्लास्टरात रोवलं. त्या साच्यात शू-लाननं पुन्हा प्लास्टर ओतलं आणि दुसऱ्या दिवशी पांढरंशुभ्र पाऊल निघालं. नखांसकट.

पोस्टात 'आत काय आहे' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. शेवटी लिहिलं: 'प्लास्टरची वस्तू, विक्रीसाठी नाही.' पार्सल हाँगकाँगला गेलं. पुढचं मावसभावावर होतं.

सप्टेंबरात शू-लान रांग सोडून थेट माझ्या खिडकीशी आली. आईजवळ राहणाऱ्या तिच्या भावानं लिहिलं होतं: आईनं पाऊल दिवसभर मांडीवर ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. अंगठ्याशेजारचं बोट चाचपून म्हणाली, हे अंगठ्यापेक्षा लांब आहे. हे माझं बोट. शू-लानचं असं नाही.

"आणि मी इतकी वर्षं धरून चालले," शू-लान म्हणाली, "की ते बोट लीलिंगच्या बापाकडून आलंय!" मागचे लोक कुरकुरत होते आणि ती हसत डोळे पुसत होती.

त्या आठवड्यात लीलिंग आईपुढे वही घेऊन बसली आणि चिनी अक्षरं गिरवू लागली. महिनाभरानं ती स्वतः पत्र घेऊन पोस्टात आली. चारच ओळी होत्या.

"अक्का, मी आजीला तिचं नाव विचारलंय," ती म्हणाली. "अम्मा नेहमी नुसतं 'आई' म्हणते. मीही कधी विचारलं नाही."

पोंगलच्या आधी उत्तर आलं. नावाशेजारी आजीच्या अंगठ्याचा ठसा होता. ग्वेईह्वा. लीलिंगनं ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, तरी मला ते नीट जमलं नाही.