माझ्या तीन चाव्या आणि एक लाल दोरी

मित्रांनो, मला उघडणं हे एका माणसाचं काम नाही. त्याचे दंड कितीही जाडजूड असोत, एकट्यासमोर मी तोंड उघडत नाही. तीन माणसांनी तीन चाव्या घेऊन यावं लागतं, आणि त्या तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नसेल तर फारच उत्तम.

मी एक जुनी पेटी आहे. लाल, सुवासिक लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची. बोलिव्हियाच्या डोंगरांत मोल्येकुचो नावाचं गाव आहे, तिथे सभागृहाच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात सोनं नाही, दागिने नाहीत. फक्त एक लोखंडी दांडा आहे. पण हा दांडा बसवल्याशिवाय वरच्या तळ्याचं दार उघडत नाही, आणि ते दार उघडल्याशिवाय आमच्या गावात मक्याचं एक कणीसही धरत नाही. म्हणजे बघा, अख्ख्या गावाची तहान माझ्या पोटात झोपलेली असते. हे सांगताना मी जरा फुगते. लाकडाला ओल लागली की ते फुगतंच, मग कौतुकानं का फुगू नये?

माझा जन्म भांडणातून झाला. फार पूर्वी हा दांडा एका दांडग्या माणसाच्या घरी असायचा. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण त्याच्या मित्रांच्या शेतातल्या बेडकांनाही पोहायला पाणी मिळे आणि खालच्या वाडीतल्या बायका आभाळाकडे बघत बसत. एका वर्षी वरची वाडी आणि खालची वाडी गोफणी घेऊन चौकात समोरासमोर आल्या. डोकी फुटली. मग डोक्याला पट्ट्या बांधूनच सगळे एकत्र बसले आणि ठरलं की दांडा यापुढे कुणाच्याच घरी राहणार नाही.

सुतारानं मला घडवलं. माझी तीन कुलपं मात्र तीन वेगवेगळ्या लोहारांनी केली, म्हणजे एकाची चावी दुसऱ्याला लागायला नको. तिसरा लोहार तर नदीपलीकडच्या गावातून आणला, कारण गावातल्या लोहारांवर त्या वेळी कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

पहिली चावी गावप्रमुखाची. तो कामं करतो. पाट साफ करून घेतो, तळ्याचं दार उघडतो. दुसरी चावी सभेच्या अध्यक्षांची. अख्खं गाव सभेत बसतं आणि यंदा पाणी आधी कुणाला, नंतर कुणाला, याचा नियम करतं. तिसरी चावी पाण्याच्या न्यायाधीशाची. कुणी म्हणालं की माझी पाळी मोडली, तर खरं-खोटं तो ठरवतो. नियम करणारा दार उघडत नाही. दार उघडणारा नियम करत नाही. आणि दोघांची जुंपली तर निवाडा त्यांच्यापैकी कुणीच करत नाही. किती सुंदर आहे ना हे? माझ्यासारखी पेटी शोधून सापडायची नाही.

पाण्याच्या दिवशी पहाटे तिघं यायचे. आधी धरतीमायला चिचाचे, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाचे, चार थेंब, मग माझी कुलपं. पहिलं करकरायचं, दुसरं खट्‌ करायचं आणि तिसरं लांब सुस्कारा सोडायचं. प्रत्येक जण आपापल्या कुलपाला आपापल्या हातानं तेल घालायचा, आणि दुसऱ्याच्या तेलाला नावं ठेवायचा.

"लवकर करा बाई, ऊन डोक्यावर येईल," प्रमुख म्हणायचा.

"घाई तुला असेल. माझे गुडघे तुझ्याकडे नोकरीला नाहीत," असं अध्यक्ष उबाल्दिनाबाई म्हणायच्या. मला ही कुरकुर फार आवडायची. ती ऐकू आली की समजायचं, सगळं ठीक चाललंय.

मग बासिलियो प्रमुख झाला. मित्रांनो, काय माणूस होता. मोटरसायकलवरून उडत यायचा, हसला की खिडक्या हलायच्या. वर्षानुवर्षं तुंबलेला पाट त्यानं मोकळा केला, मोडका पूल बांधला. गाव त्याच्यावर खूश. आणि याच खुशीत ती गोष्ट झाली.

उबाल्दिनाबाईंना सभागृहाचा चढ सोसेना. एक दिवस त्या म्हणाल्या, "बासिलियो, माझी चावी तूच ठेव रे. तू काय दांडा पळवून नेणार आहेस?"

राहिले न्यायाधीश निकानोरतात्या. त्यांनी बासिलियोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं. ते तिचे धर्मपिता, म्हणून तात्या आणि बासिलियो एकमेकांचे 'कोम्पाद्रे'. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट. कोम्पाद्रेनं काही मागितलं तर नाही म्हणायची पद्धतच नाही. बासिलियो हसत म्हणाला, "कोम्पाद्रे, तुम्हीही कशाला पहाटेची थंडी खाता? द्या इकडे." तात्यांनी क्षणभर चावी मुठीत धरली, आणि दिली.

बासिलियोच्या बायकोनं लाल लोकरीची दोरी वळली. तिन्ही चाव्या त्या दोरीत, दोरी त्याच्या कमरेला. मोटरसायकल खड्ड्यातून गेली की छुम छुम वाजायच्या. थोड्याच दिवसांत त्यानं मलाही आपल्या स्वयंपाकघरात नेलं, जवळ असली की बरं म्हणून.

सुरुवातीला सगळ्यांनाच मजा वाटली. खट, खट, खट, की मी उघडी. वाट बघणं नाही, कुरकुर नाही. पण मग माझ्यावर कांद्याचं पोतं आलं. मांजर आलं. माझ्याखाली गिनीपिगांनी संसार थाटला. चुलीची वाफ रोज अंगावर, त्यानं माझं झाकण एका कोपऱ्यात वर उचललं गेलं. तेल तर कुणी घातलंच नाही. पूर्वी तीन कुलपांचे तीन धनी होते. आता तिन्ही एकाचीच झाली, म्हणजे एकाही कुलपाला धनी उरला नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. पेरणीचं पहिलं पाणी खालच्या वाडीला, असा सभेचा नियम होता. त्यावर भरवसा ठेवून तिथल्या कासिमिरामावशींनी कोरड्या मातीत मका पेरला. त्यांच्या आईपासून चालत आलेलं बी होतं ते, आणि पेरल्यावर घरात मूठभरही उरलं नव्हतं. ते जळलं असतं तर घराला कुलूप लावून, नातीला घेऊन शहरात भांडी घासायला जावं लागलं असतं.

पाण्याचा दिवस आला. पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी डोक्यावर उंच टोपी आणि अंगात घोळदार घागरा घालून बासिलियोच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी मांजराला हाकललं, पोतं खाली लोटलं आणि थेट माझ्यावर बसल्या.

"बासिलियो, माझं पाणी कुठंय?"

"मावशी, बसा ना. गरम सूप घ्या."

"बसलेच आहे. आता उठणार नाही. दांडा हवा असेल तर आधी मला उचल. मागच्या सणात नाचताना तुला जमलं नव्हतं."

बासिलियो हसला, पण खिडक्या हलल्या नाहीत. "मावशी, पाणी मातीच्या खड्ड्यात सोडलंय. शाळेच्या नव्या वर्गाच्या विटा पाडायच्या आहेत. पावसाआधी भिंत उभी राहिली पाहिजे. तुमच्याच नातीचा वर्ग आहे. आठ दिवस थांबा."

"मी थांबेन. बी थांबेल का?"

"मी काय स्वतःच्या शेतात नेलं पाणी?"

"नाही ना. म्हणून तर भांडायला जोर येत नाही. चोर असतास तर सोपं होतं." मावशींनी घागरा सारखा केला. "पण मला सांग, पाणी विटांना द्यायचं, हे ठरवलं कुणी?"

"मी."

"सभेचा नियम बदलला कुणी?"

"सभा बोलवायला वेळच नव्हता मावशी."

"आणि माझी तक्रार ऐकायची कुणी?"

बासिलियोची नजर नकळत आपल्या कमरेकडे गेली. सूप ढवळणारी त्याची बायको म्हणाली, "कमरेलाच सांगा मावशी. गाव सगळं तिथंच लटकलंय." मग तिनं पळी नवऱ्याच्या हातात दिली. "सूप लागू देऊ नका. मी त्या दोघांना घेऊन येते."

माझं लाकूड थरथरत होतं. मित्रांनो, इतकं महत्त्वाचं भांडण माझ्याच डोक्यावर बसून चाललं होतं.

उबाल्दिनाबाई आणि निकानोरतात्या आले. तात्या दारातच उभे राहिले.

"निकानोर," मावशी म्हणाल्या, "सकाळी तुझ्याकडे आले होते. तू म्हणालास, बाई, तुझं खरं आहे, पण चावी कोम्पाद्रेकडे आहे. मग तुझा न्यायही त्याच दोरीत ओवलाय का?"

तात्या वळले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं सगळं. चुलीवरचं सूप रटरटत राहिलं, कुणी कुणाकडे बघेना.

थोड्या वेळानं अंगणात ठक ठक आवाज आला. तात्या परत आले होते. हातात चांदीच्या कड्यांची काठी, न्यायाला बसताना धरतात ती.

"कोम्पाद्रे," ते म्हणाले, "तुझ्या लेकीला मी हातांवर धरलंय. उद्याही मी तिचा धर्मपिताच आहे. पण आज मी या घरी जेवायला आलेलो नाही. माझी चावी दे."

बासिलियोचा चेहरा उतरला. "कोम्पाद्रे, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच तर घोटाळा झाला."

दोरीची गाठ बासिलियोला सुटेना. उबाल्दिनाबाईंनी सुरी घेतली आणि दोरी कापली. आपली चावी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणून मी गावाची चावी तुझ्या कमरेला टांगली. आणि गुडघे दुखायचे काही थांबले नाहीत."

दुपारी मला चौघांनी खांद्यावर घेऊन सभागृहात नेलं. सभा खच्चून भरली होती. ठरायला वेळ लागला नाही: उद्या पहाटे पाणी खालच्या वाडीला. मग वरच्या वाडीतला एक म्हातारा उठून म्हणाला, आमच्या पाळीतलं अर्धं पाणी विटांना घ्या, पोरं आमचीही आहेत. बासिलियो मान खाली घालून ऐकत होता. विचारलं असतं तर हे आधीच मिळालं असतं, हे त्याला कळत असावं.

पण सभा आता तापली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "प्रमुखाचीही चावी घ्या. तिन्ही सभेकडेच राहू द्या." टाळ्या पडल्या. उबाल्दिनाबाईंना टाळ्या आवडतात. त्यांनी हात पुढे केला. "दे रे, तीही."

बासिलियो चावी देणार, तोच मध्ये काठी आडवी आली.

"ती नाही, उबाल्दिना. प्रमुखाची चावी प्रमुखाकडेच राहील."

"अख्ख्या सभेनं ठरवलं तरी?"

"पाणी कुणाला ते सभेनं ठरवावं. दार त्यानं उघडावं. तिन्ही चाव्या तुझ्याकडे आल्या, तर उद्या कासिमिरानं कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं? तुझ्या?"

"माझ्याकडे सूपही चांगलं होत नाही," उबाल्दिनाबाई पुटपुटल्या आणि सभेत हशा पिकला. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "आणि निकानोर, तुझ्या काठीला कोण अडवणार?"

"ही सभाच. न्यायाधीश तुम्हीच निवडता ना? मी कोम्पाद्रेगिरी करताना दिसलो, तर पुढच्या खेपेला हात वर करू नका."

उबाल्दिनाबाईंनी हात मागे घेतला. मला नाचावंसं वाटलं, पण मला पाय नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी खालची वाडी दारात उभी. बासिलियोचं कुलूप करकरलं. उबाल्दिनाबाईंचं खट्‌ झालं. तात्यांचं मात्र हलेना. वाफेनं झाकण वाकलं होतंच, त्यात काल मला वाहून आणताना हिसके बसले आणि कडी कुलपात अडकून बसली होती. तात्यांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिली. ऊन भिंतीवर चढायला लागलं. मावशी नातीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या.

"फोडा पेटी," कुणीतरी म्हणालं. पहार आली. मित्रांनो, ती माझ्या फटीत घुसली तेव्हा मी लाकूड असूनही गार पडले. एक जोर लागला असता, की मी गेले असते, आणि माझ्यासोबत तीन चाव्यांची रीतही.

बासिलियो धावला आणि माझ्यावर आडवा पडला. "थांबा. माझ्या चुलीनं वाकवलंय हिला." त्यानं उचललेल्या कोपऱ्यावर सगळा भार टाकला. उबाल्दिनाबाई खाली बसल्या, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि त्यांनी दोन्ही हातांनी कडी वर ओढून धरली. "आता फिरव रे निकानोर, मी काही जन्मभर इथे बसणार नाही."

तात्यांनी चावी फिरवली. आणि माझ्या तिसऱ्या कुलपानं तो जुना, लांब सुस्कारा सोडला.

दांडा घेऊन बासिलियोची मोटरसायकल डोंगरावर गेली. बराच वेळ नुसती शांतता. मग पाटातून तो आवाज आला, आधी पानं खसखसल्यासारखा, मग टाळ्या वाजल्यासारखा. मावशी अनवाणी पाटात उतरल्या आणि कुदळ घेऊन पाण्याच्या पुढे चालू लागल्या, त्याला रागावत. "चल, चल. एवढा उशीर करतात का?"

मका उगवला. शाळेचा वर्गही उभा राहिला. भिंत जराशी तिरकी आहे, पण आत बसलं की कळत नाही. मी पुन्हा सभागृहाच्या कोपऱ्यात आहे. लाल दोरीचे तीन तुकडे केले, प्रत्येक चावीला एक. मुदत संपल्यावर बासिलियोनं नव्या प्रमुखाच्या हाती चावी दिली, तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, "एकच चावी आहे म्हणून कधीकधी तुझी चिडचिड होईल. तरी बाकीच्या दोन मागू नकोस. मी मागितल्या होत्या, आणि कुणी नाही म्हणालं नाही."

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी पेटी असेल. कदाचित ती लाकडाची नसेल. तिची कुलपं वेळ खातात म्हणून तिच्यावर रागावू नका. तुमच्या हाती एखादी चावी आली तर ती प्रेमापोटीसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकू नका, आणि दिलीच असेल तर परत मागायला लाजू नका. तेल थोडंसंच लागतं. फक्त ते तिन्ही कुलपांना घाला.

उद्या पाण्याचा दिवस आहे. चढावर तीन जणांची पावलं वाजतील, आणि उबाल्दिनाबाई वाटेतच कुरकुरायला लागतील. मी आत्तापासूनच कान लावून बसले आहे.