पास बघितल्याशिवाय

"अगं, हा मला आत सोडत नाहीये!"

अप्पांची हाक आली तेव्हा ती शेजारच्या खोलीत एका दवाखान्याच्या रिपोर्टांच्या पानाला पासवर्ड लावत होती. हेच तिचं काम. इंटरनेटवरची जी पानं चारचौघांनी बघू नयेत, त्यांच्या दाराशी ती एक छोटी चौकट उभी करायची: नाव सांगा, पासवर्ड सांगा, मगच आत. ऑफिसात सगळे तिला कुलूपवाली म्हणत आणि तिलाही ते आवडे. ढिला पासवर्ड दिसला की ती समोरच्याची, मग तो साहेब का असेना, बिनपाण्याने करायची.

घरच्या फोटोंचं पानही तिनेच बनवलं होतं. धाकटा भाऊ दूर, त्याची मुलं तिकडेच मोठी होत होती. आई गेल्यापासून अप्पा सकाळचा चहा झाला की आधी त्या पानावर जायचे. दाराशी उभी असलेली चौकट त्यांना पहिल्याच दिवशी पटली. उभं आयुष्य त्यांनी कारखान्याच्या फाटकावर काढलं होतं. 'नाव? पास?' या दोन शब्दांवर त्यांचा संसार झाला. एकदा खुद्द मालकाच्या जावयाला पास नाही म्हणून त्यांनी भर उन्हात उभं केलं, ती गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती.

"हा आपल्यातला आहे," चौकटीवर बोट ठेवून ते म्हणाले होते, "तोंड बघून आत घेत नाही."

पण हळूहळू अप्पांचं विसरणं वाढलं. पासवर्ड चुकायचा, चौकट कोरी होऊन पुन्हा समोर यायची आणि ते गुन्हेगारासारखे बसून राहायचे.

"ताई, काढून टाक ना तो पासवर्ड," भाऊ फोनवर म्हणाला. "या वयात कशाला छळतेस त्यांना?"

तिने काढला. दुसऱ्या दिवशी पान काही न विचारता सताड उघडलं. अप्पांनी नातवंडांच्या फोटोंकडे बघितलं आणि चटकन हात मागे घेतला.

"हे आपलं नाही. कुणीच अडवलं नाही आपल्याला. भलत्याच्या घरात शिरलोय, चल बाहेर." त्या दिवशी ते धड जेवलेसुद्धा नाहीत.

मग जिने जन्मात कुणाला सूट दिली नव्हती, त्या कुलूपवालीने दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला तिने घरी बसवलं असतं, असं एक काम केलं. चौकट परत लावली, पण अप्पांच्या नावाखाली काहीही लिहिलं तरी दार उघडेल अशी सोय करून. ते कधी जुन्या सायकलचा नंबर लिहीत, कधी आईचं माहेरचं नाव. दार उघडायचं. "आहे की नाही लक्षात!" म्हणत ते खुशीत यायचे.

आज ती येऊन बघते तो खालच्या रकान्यात ठिपक्यांची रांग होती आणि वरचा रकाना रिकामा.

"अप्पा, वर नाव राहिलं."

"कुणाचं?"

"तुमचं."

त्यांची बोटं कीबोर्डवर अधांतरी थांबली. चेहरा उतरला. तिने तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस. फाटकावर दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. ज्याचं त्याने सांगायचं."

"मग सुचेल ते लिहा. मी गॅस बघून येते."

गॅस बंदच होता. ती दाराआड उभी राहिली. खूप वेळाने अप्पांनी एकेक बटण शोधत लिहिलं: मी. चौकट कोरी होऊन परत आली. त्यांनी पुन्हा लिहिलं: मी. पुन्हा कोरी.

ती धावतच आपल्या कॉम्प्युटरपाशी गेली. ज्यांना आत सोडायचं त्या नावांत तिने आणखी एक घातलं, तेवढंच, एका अक्षराचं. डोळ्यांतल्या पाण्याने पडदा नीट दिसत नव्हता.

"आता परत एकदा बघा, अप्पा!" ती तिथूनच ओरडली.

ती परत आली तेव्हा पान उघडलं होतं. नातवंडं हसत होती, आई झोपाळ्यावर बसली होती.

"ओळखलं बघ त्याने मला," अप्पा समाधानाने म्हणाले. मग मान वळवून त्यांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पाठ ताठ झाली, आवाज जुना, फाटकावरचा झाला.

"नाव?"

ती उंबऱ्याशीच थांबली. तिने आपलं नाव सांगितलं, आणि ते आत ये म्हणेपर्यंत तिथेच उभी राहिली.