आठव्या खोलीचा ओळंबा

सोमवार, दहा मार्च दोन हजार पंचवीस. सकाळचे सात चाळीस. जतहून मिरजेला जाणारी एस.टी. कवठे महांकाळजवळ, रस्त्याकडेच्या आठ खोल्यांसमोर थांबली. हरणाबाई पत्र्याची पेटी घेऊन एकट्याच चढल्या. त्यांचे यजमान गुंडाआप्पा गवंडी खोल्यांमागच्या शेडच्या दारात उभे होते. पेटी वर द्यायला ते पुढे झाले नाहीत. गाडी गेली.

मित्रांनो, हे मी पाहिलं, कारण शेडच्या खांबावर मला टांगलं होतं. मी पितळेचा ओळंबा, वय तेवीस. वर लाकडी गट्टू, त्यातून दोरी, दोरीच्या टोकाला मी. गवंडी गट्टू भिंतीला टेकवतो, मला खाली सोडतो आणि माझं डोलणं थांबायची वाट बघतो. भिंत सरळ आहे की कललेली, ते मग त्याला कळतं. माझं काम एवढंच. पण गेल्या दिवाळीपासून मला कुणी कामाला लावलेलं नाही, म्हणून आज सांगतो आहे.

सांगलीतल्या एका लेथवर माझा जन्म झाला. आप्पांनी मला विकत घेतलं तेव्हा ते कोयनानगरला वसाहतीच्या दुरुस्तीवर होते. तिथली जमीन अधूनमधून हलते. मुकादम दर तीन थरांना भिंत तपासायला लावी. ती सवय आप्पांच्या हातात बसली ती बसलीच. दुसऱ्या सवयी त्यांनी स्वतः लावून घेतल्या. पगार झाला की आधी पोस्टात बचत, मग बाजार. तंबाखू नाही, उसनवारी नाही, आणि आजचं काम उद्यावर नाही.

आप्पांचे वडील मेंढपाळ होते. आठ महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठी फिरायचे. संध्याकाळी जाळीचं कुंपण उभं करायचं, त्याला वाघर म्हणतात. मेंढरं वाघरीच्या आत, माणसं बाहेर उघड्यावर. वडील नर कोकरं विकत, मेंढी कधी विकत नसत. आप्पांनी तोच हिशोब घरांना लावला. खोली विकायची नाही. तिच्या भाड्यातून दुसरी उभी करायची.

दोन हजार तीन साली त्यांनी इथला तीन गुंठे माळ घेतला. चहावाला भाऊसो सगळ्यांसमोर म्हणाला, "आप्पा, हितं कुसळ उगवंना, आन् तुमी काय घरं पेरताय व्हय?"

"पेरतोय की," आप्पा म्हणाले. "उगवली की च्या पाजायला ये, फुकट."

पुढच्या वर्षी पहिली खोली उभी राहिली. तिच्यात शाळेचे गुरुजी आले. तिच्या भाड्यातून दोन वर्षांनी दुसरी, मग तिसरी. रस्ता रुंद झाला, समोर गाड्या थांबायला लागल्या, माळाचा भाव वाढला. आप्पांनी घाई केली नाही. भाडेकरूचं छत गळलं तर त्याच दिवशी शिडी लावायची, हा त्यांचा नेम. प्रत्येक भिंत मी पाहिली आहे. एकही कललेली नाही.

हायस्कुलात त्यांना बचतीवर बोलायला बोलावलं होतं. त्यांनी मला खिशातून काढून मुलांच्या हातात दिलं. "लय पैका लागत न्हाई," ते म्हणाले. "रोज थोडं, आन् सरळ." मुलांनी टाळ्या वाजवल्या. पन्नास मुलांच्या हातांची ऊब मला त्या दिवशी मिळाली. पुन्हा तसा दिवस आला नाही.

आता राहिलेलं सांगतो. एवढ्या खोल्या बांधणारा माणूस आणि त्याची बायको मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. एकवीस वर्षं. मुलगी सोनम तिथंच वाढली आणि लग्न होऊन कोरेगावला गेली. आठही खोल्यांच्या भिंतींवर पाणी मारलं ते हरणाबाईंनी, एकेका भिंतीला पंधरा-पंधरा दिवस. पहिल्या खोलीचा गिलावा वाळल्यावर त्यांनी विचारलं होतं, "आवं, ही आपली का?"

"ही भाड्याला. पुढची आपली."

दुसरीच्या वेळी तेच उत्तर मिळालं, तिसरीच्या वेळीही. पाचवीनंतर त्यांनी विचारणं सोडलं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेडमध्ये त्यांना दोनदा भोवळ आली. दवाखान्यातून परत येताना आप्पांनी आपणहून शब्द दिला की आठवी खोली आपली. आत फळी बसवताना त्यांनी विचारलं, "किती उंचीवर मारू?" हरणाबाईंनी हात वर करून दाखवला. त्या बुटक्या, फळी खालीच बसली. त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या.

दिवाळीत खोली झाली. चौथ्या दिवशी पवनचक्कीच्या कामावरचे इंजिनिअर ऋषिराज आले. त्यांनी वर्षाचं भाडं एकदम पुढं केलं. आप्पा हो म्हणून बसले आणि मग घरात सांगायला आले.

"शब्द दिला व्हता तुमी," हरणाबाई म्हणाल्या.

"अगं, येकरकमी देतोय गडी. नववीचं जोतं ह्यातच निघतंय. पुढची..."

"पुढची आपली. पाठ हाय मला." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमचा बा मेंढरं वाघरीत कोंडायचा आन् सोता भाईर निजायचा. त्याला लांडग्याचं भ्या हुतं. तुमाला कशाचं हाय? खोल्या काय लांडगा उचलून नेतोय व्हय?"

आप्पांनी जाऊन ऋषिराजांना किल्ली दिली. चार महिने हरणाबाई कामापुरतंच बोलल्या. मार्चमध्ये पत्रा तापायला लागला आणि त्या कोरेगावला सोनमकडे निघून गेल्या.

त्यानंतर आप्पा स्वतःच भाकरी थापायचे. ती कधी कच्ची राहायची, कधी करपायची. संध्याकाळी ते प्रत्येक दाराला हात लावत चालायचे, एक ते आठ, मग पुन्हा आठ ते एक. आतून टीव्हीचे, भांड्यांचे, पोरांचे आवाज यायचे. कुणी म्हणायचं, "आप्पा, बसा की वाईच." ते म्हणायचे, "न्हाई, घरी काम हाय." आणि शेडमध्ये येऊन नुसतेच बसायचे. नववीचं जोतं त्यांनी आखलं नाही.

जूनमध्ये त्यांनी ऋषिराजांचे उरलेले पैसे परत केले आणि तीस तारखेला खोली मोकळी करून घेतली. मग मला तिथल्या खिळ्याला अडकवलं आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"आठवी मोकळी केली गं. ये आता."

"तुमी निजता का तितं?" हरणाबाईंनी विचारलं.

"माझं काय? शेडात बरंय मला."

"मग कुणासाठी मोकळी केलीसा? आधी तुमी ऱ्हावा. तुमाला तितं घर वाटाय लागलं की सांगा. म्या हितंच हाय."

तेव्हापासून आप्पांची वाकळ, म्हणजे गोधडी, इथं अंथरलेली आहे. रोज सकाळी मी बघतो. तिच्यावर सुरकुती नसते. ते शेडमधून डोळे चोळत येतात, वाकळ झटकतात आणि पुन्हा तशीच घालतात. दोन महिन्यांपूर्वी एकदा ते दुपारी आडवे झाले. छताकडे बघत राहिले, अनोळखी गावात उतरल्यासारखे. मग उठून बाहेर गेले. मला सरळ उभं राहण्याशिवाय काही येत नाही, मित्रांनो, आणि रिकाम्या खोलीत त्याचा कुणाला उपयोग नाही.

तुम्ही मोठे व्हाल, बचत कराल, जमीन घ्याल, घरं बांधाल. जरूर बांधा. आप्पांच्या सवयी चांगल्या आहेत, त्या उचला. पण तुमच्या भिंतींवर जे पाणी मारतं, त्या माणसाला पहिल्या खोलीत आणा. ते माणूस विचारायचं थांबलं तर ते समाधानी आहे असं धरून चालू नका. मीही तसंच धरलं होतं.

काल, सोमवार पंधरा सप्टेंबर, दुपारी चारला ग्रामीण रुग्णालयात नव्यानं लागलेली नर्स शिवांजली खोली विचारायला आली. तिनं फळीवर हात ठेवून पाहिला. तिलाही ती उंची बरोबर होती. म्हणाल तेवढं भाडं द्यायला ती तयार होती. आप्पा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी धाला ये पोरी. सांगतो."

आता दहाला पाच कमी आहेत. आप्पा उंबऱ्यावर बसले आहेत. फोन मांडीवर आहे. त्यावर कोरेगावचा नंबर काढलेला आहे, लावलेला नाही. बाहेर स्कूटी थांबली. शिवांजलीनं हाक मारली आहे. आप्पा अजून उठलेले नाहीत.