पहिली अक्षत कुणाच्या दारी

स्वानंदीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिसऱ्या फोनला. पहिले दोघं "बघू की हो" म्हणाले तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. तिसऱ्या बाईही अगदी त्याच सुरात "बघू की हो" म्हणाल्या आणि जेवणात काय आहे हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मराठी माणूस समारंभाला येणार आणि जेवणाचं विचारणार नाही? पाणी कुठंतरी मुरत होतं.

पुण्याहून बंगळुराला आलेली ही मुलगी राजाजीनगरातल्या एका इव्हेंट कंपनीत इंटर्न होती. कॉलेजच्या मते ती इथं संवादकौशल्य शिकत होती. मालकीणबाई धनलक्ष्मी मॅडमनी तिला पहिलं स्वतंत्र काम दिलं ते आप्पाजींच्या पंचाहत्तरीचं. आप्पाजींचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. "तुझी माणसं आहेत, तूच बोल. हॉल भरला तर नोकरी पक्की," मॅडम म्हणाल्या. नाही भरला तर पुण्याला परत, आणि बाबांनी आधीच बघून ठेवलेला बँकेच्या परीक्षेचा क्लास.

काम तिनं झकास केलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. आप्पाजी घरोघर जाऊन बोलावणं करायचं म्हणत होते, तर तिनंच त्यांना थांबवलं. "या वयात, या ट्रॅफिकमध्ये? मी आहे ना!" मग त्यांच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करून तिनं सगळ्यांच्या फोनवर पाठवला. उंटावरून शेळ्या हाकायला हल्ली उंटही लागत नाही. उत्तरादाखल सगळीकडून जोडलेले हात आले आणि स्वानंदीबाईंनी ते होकारात धरले. आता नक्की किती पानं हे ठरवायला ती एकेकाला फोन करत होती.

चौथा फोन भागुबाईंचा. त्या आप्पाजींच्या चुलतबहीण. "विलासचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "त्याचं काय ठरतंय बघून सांगते." आणि घाईघाईनं फोन ठेवला.

विलास म्हणजे आप्पाजींचे धाकटे भाऊ, राहायला येलहंक्याला. त्यांनी तर जोडलेले हातसुद्धा पाठवले नव्हते. वडिलांच्या दुकानावरून दोघा भावांत एकदा वाजलं होतं, हे तिच्या कानावर आलेलं होतंच. मग काय, सगळं जुळलं! विलासकाका एकेकाला फोन करून फितवत होते. संशयाला एकदा पाट मांडला की तो जेवूनच उठतो. आपण पडावं म्हणूनच मॅडमनी हे काम आपल्या गळ्यात मारलं असेल, इथपर्यंत तिची मजल गेली.

ती तडक आप्पाजींकडे गेली. "रागावू नका, पण विलासकाका फोन करून लोकांना अडवताहेत."

"विलास?" आप्पाजींनी हातातली पाहुण्यांची यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "असेल. कार्यक्रमातनं त्याचं भाषण काढून टाक."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मनातून थोडं हायसंही वाटलं, कारण खापर फोडायला एक डोकं सापडलं होतं.

आता त्या डोक्याशी दोन शब्द बोलायला ती येलहंक्याला गेली. बेल वाजवायची वेळच आली नाही. दार सताड उघडं होतं आणि इस्त्रीचा शर्ट घालून विलासकाका समोरच बसले होते.

"ये ये! अण्णा कुठाय?" ते तिच्या पाठीमागे रस्त्यावर आप्पाजींना, आपल्या थोरल्या भावाला, शोधू लागले.

"ते नाही आले. काका, तुम्ही लोकांना फोन केले होते?"

"केले की."

"काय सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? विचारलं, अण्णा तुमच्याकडं अक्षत घेऊन आलता काय म्हणून. आमच्यात पहिली अक्षत देवाला, दुसरी भावाला. भावाच्या घरी अक्षत गेल्याबिगर बाकीचे हो म्हणत नाहीत. म्हटलं, वाट चुकून आधी दुसरीकडं गेला काय!"

"रोज असेच बसतात," त्यांच्या पत्नी शिवलीलाकाकू आतून म्हणाल्या. "अण्णा येतील आणि दाराला कुलूप दिसेल म्हणून. औषध आणायलासुद्धा मलाच पिटाळतात."

टीपॉयवर एक नवी रेशमी शाल होती, घडी न मोडलेली. स्वानंदीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाषण गुपचूप परत घालता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण आप्पाजींच्या मनात तिनं टाकलेलं विष तिथंच राहिलं असतं. तिनं काकांसमोरच फोन लावला.

"आप्पाजी, मी चुकीचं सांगितलं. काका कुणाला अडवत नव्हते. तुमची वाट बघत बसलेत. त्यांना न विचारताच मी तुमचे कान भरले."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग, "घरात आहे काय तो?"

"समोरच आहेत."

"हलू नको म्हणावं."

विलासकाकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणजे माझ्यावर संशय घेऊन आलीस?"

"हो, काका."

"सरी, असू दे. संशय घेऊन का होईना, आलीस. दारात माणूसच आलं नव्हतं गं. आता स्वल्प बस, कॉफी घे."

आप्पाजी रिक्षातून उतरले ते हातात अक्षतांची वाटी घट्ट धरून. विलासकाका उंबऱ्यापर्यंत पुढे आले. आप्पाजींनी धाकट्याच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि स्वानंदीला रडू आवरेना. शिवलीलाकाकूंनी तेवढ्यात आतून कुणाला फोन केला कोण जाणे. आप्पाजी अजून टेकलेही नव्हते, तोच स्वानंदीचा फोन वाजला.

भागुबाई होत्या. "अगं, जेवणात काय काय ठेवलंय?"