उचकी लागलेला कुत्रा

साल एकोणीसशे ब्याण्णव. मित्रांनो, मी एक जुनं साउंड कार्ड आहे; त्या वर्षी मात्र ऐन भरात होतं. तळहाताएवढी हिरवी पाटी आणि खाली सोनेरी दात. तेव्हा संगणक जवळजवळ मुकाच असे, फार तर 'टुक' करी. त्याला आवाज द्यायला आमचा जन्म.

आमच्या घरच्या ताईने शिकवण्यांचे पैसे साठवून मला आणलं. घरात संगणक होता, पण तो बाबांचा. बाहेरच्या खोलीत ते लोकांचे अर्ज आणि पत्रं टाइप करून छापून देत. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि बजावलं, "माझ्या प्रिंटरचं काम अडलं, तर हे संध्याकाळी दुकानात परत!"

ताईने संगणकाचं झाकण काढलं, मला खाचेत दाबून बसवलं, स्क्रू पिळला, स्पीकर जोडले. मग माझ्यासोबत आलेल्या डिस्कवर आवाज भरलेल्या कुत्र्याला भुंकायला लावणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. मी छाती भरून तोंड उघडलं, आणि निघालं काय? "भु-भु-भु-भु..." पुढे जाईना, थांबेना. तिकडे अर्ज छापत असलेला प्रिंटरही अर्ध्या ओळीत अडकला.

आत्या पालेभाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, उचकी लागलीय त्याला. पाणी पाज!"

बाबांना काही हसू आलं नाही. "गिऱ्हाईक येईल आता. काढ ते." त्यांनी रागाने प्रिंटरची वायर उपटली आणि माझा खोका शोधायला लागले. ताईने तेवढ्यात शेवटचं म्हणून बटण दाबलं. मी एका दमात खणखणीत भुंकलं!

ताई उडालीच. "बाबा, दोघं एकाच घंटीला लटकलेत!"

संगणकाला हाक मारायला आत नंबर लावलेल्या घंट्या असतात, असं समजा. प्रिंटरची सात नंबरची. कारखान्याने मलाही सातच दिलेली. कोण बोलावतंय, ते बिचाऱ्या संगणकाला कळेना.

माझ्या अंगावर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी होती, तिला जंपर म्हणत. ती सात नंबरच्या धातूच्या काड्यांवरून उचलून पाचाच्या काड्यांवर बसवायची, की माझी घंटी बदलली. ताईने संगणक बंद केला, चिमटा लावला, आणि टोपी टुणकन उडून थेट आत्याच्या भाजीत! आत्याने पान न् पान झटकून ती शोधली. "घे बाई तुझी टोपी. शिजलीच असती आता."

टोपी बसली, प्रिंटर जोडला, आणि मी गप्प! बाबांनी खोका उघडून पुढे धरला. ताईने पडद्यावर बोट फिरवलं नि कपाळावर हात मारला. प्रोग्राममध्ये अजून सातच होतं. तिने सात खोडून पाच केलं. इकडे कुत्रा भुंकला, तिकडे प्रिंटर खरखरत अर्ज छापू लागला.

बाबांनी खोका मिटला. "राहू दे. पण कामाच्या वेळी बांधून ठेव त्याला."

बांधतंय कोण! आठवड्याभरात त्यांनीच ताईकडून सोय करून घेतली, छपाई संपली की मी भुंकायचं. गिऱ्हाइकं टेबलाखाली वाकून कुत्रा शोधत.

आत्या शेवटपर्यंत मला पाणी विचारायची. प्रिंटर भंगारात गेला. भांडकुदळ होता, पण सवय झाली होती त्याची. ताई आता कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते आणि पहिल्या दिवशी मला वर्गभर फिरवते. बाबा थकलेत, ऐकू कमी येतं. पण त्यांच्या मोबाइलवर माझंच ते भुंकणं वाजतं, आणि ते बरोबर वळून बघतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा. आणि घरात दोघांचं पटेनासं झालं, तर एकाला बाहेर काढण्याआधी त्याची टोपी जरा सरकवून बघा.