मशीनला कोण हात लावतं

दोष: मशीन जड चालते.
कारण: धाकटी.
उपाय:

उपाय कोरा ठेवलाय. मशीनच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर असा तक्ता छापलेला आहे. कारणांमध्ये धूळ आहे, तेल संपणं आहे, वाकडी सुई आहे. जावेचा रकाना नाही. तो मी पेन्सिलने आखून घेतला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. मशीन माझी. पाच वाजता हॉटेलचा मॅनेजर पस्तीस ॲप्रन न्यायला येणार. एकोणतीस झालेत, सहा राहिलेत. "एक जरी कमी भरला तर पुढचं काम समोरच्या टेलरला," असं तो हसत हसत म्हणाला होता. हसत सांगणारी माणसं अगदी तसंच करतात.

पुरावा पहिला. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या बटणावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. आज सकाळी तो जागेवरून सरकलेला होता.

पुरावा दुसरा. हा पुरावा नाही, पण लिहून ठेवते. रोज झोपायच्या आधी मी चाकाला आणि मशीनच्या खांबाला एक काळा दोरा बांधते. कुणी चाक फिरवलं तर तो तुटेल. महिना झाला, एकदाही तुटला नाही. म्हणजे ती तोडते आणि पुन्हा तश्शीच गाठ मारते. पक्की आहे.

अकरा वाजता.

दोष: कापडाखाली दोऱ्याचा गुंता.
कारण: ~~बॉबिन.~~ धाकटी.

बॉबिन काढली, ब्रशने आतली धूळ झाडली, सुई बदलली, तेलाचे थेंब सोडले. वरचा दोरा नव्याने ओवला. ओवताना नजर मात्र दाराकडे, कारण ती दोनदा उगाच डोकावून गेली होती. तरी गुंता तसाच. वरून शिवण देखणी आणि खाली चिमणीचं घरटं. साडेबाराला चाकच अडलं.

"तू मशीनला हात लावलास?" मी विचारलं.

"धूळ पुसली असेल, ताई."

"धूळ पुसताना बटण फिरतं?"

"नीट पुसली तर फिरतं."

सासूबाई खाटेवर मोज्याचं भोक बुजवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हा दोघींपेक्षा ती मशीनच शहाणी. गप्प तरी बसलीय."

"तुम्ही तिचीच बाजू घ्या."

"मी मोज्याची बाजू घेतलीय. तू घड्याळाकडे बघ."

घड्याळात पावणेदोन. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला परवा. धाकटी दारातच उभी, हाताची घडी घालून.

"मी बघू का?"

मनात पाल चुकचुकली. बिघडवणारीलाच दुरुस्त करता येतं. पण सहा ॲप्रन माझ्याकडे बघत होते. मी स्टूल सोडलं. लांब मात्र गेले नाही, शेजारी पेटीवर बसले, हातांवर लक्ष ठेवून.

तिने चाकाच्या मधला स्क्रू सैल केला, चाक ओढून काढलं. आत दांड्याभोवती काळ्या दोऱ्याचा विळखा. चिमट्याने ओढत गेली, तो येतच राहिला. सकाळी घाईत मी तो सोडायला विसरले होते. चाक फिरत गेलं तसा तो आत ओढला गेला.

"हा काळा दोरा कुठून आला? ॲप्रन तर पांढरे," ती म्हणाली.

"कुठून तरी आला."

खाटेवरून एक बारीक खोकला.

स्क्रूखालची छोटी चकती तिने बोटावर उलटसुलट करून पाहिली. "ही याच अंगाने बसवायची. उलटी बसली तर चाक फिरतं, सुई जागची हलत नाही."

"तुला कसं माहीत?"

"माहेरी शिकले."

हिच्या माहेरी मशीन नाही. लग्नाची बोलणी करायला मीच गेले होते, दोन्ही खोल्या पाहून आले होते. मनात लिहून घेतलं.

मग तिने वरचा दोरा सुईपासून रिळापर्यंत सगळा काढून टाकला.

"ओवताना कापड दाबायचा फूट खाली होता ना? फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात, दोरा त्यांच्यात बसतो. खाली असला की दोरा वरच्यावर राहतो आणि खाली घरटं होतं. हे तुम्हाला माहितीय, ताई. आज लक्ष कुठे होतं?"

मी एक चिंधी तिच्यापुढे सरकवली.

चिंधीवर शिवून पाहिलं. शिवण दोन्ही बाजूंनी सारखी. अडीच वाजले होते आणि एकटीने सहा होणार नव्हते. मी कडा दुमडून टाचण्या लावत गेले, ती शिवत गेली. मधे एकदा मी बसले, ती टाचत गेली. सासूबाईंनी न सांगता दोरे कापले. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटच्या ॲप्रनची नाडी पक्की झाली.

मॅनेजर मोजून थांबला नाही. उलटे करून बघू लागला. शेवटच्या गठ्ठ्यातला एक उचलला.

"ही शिवण वेगळी आहे."

"बाकीच्यांपेक्षा सरळ आहे. कुणाची?"

माझी म्हणाले असते तर धाकटी काही बोलली नसती. पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती, पायाच्या बोटांकडे बघत. पण पुढच्या खेपेला त्याला हीच शिवण हवी असणार. ती माझ्या हाताला नाही, हे खिडकीच्या उजेडात मलाही दिसत होतं.

"हिची," मी म्हणाले. "पण काम मी घेते. बोलायचं माझ्याशी."

"शुक्रवारपर्यंत सत्तर?"

"घेतले."

तो गेला. मी दार लावून वळले तोवर धाकटीने स्टूल मशीनला लावलं होतं.

"थांब. वेळ ठरवू," मी म्हणाले. "सकाळी मी बसणार."

"बसा की. मी दुपारी बसते."

"दुपारीच का? दुपारी तर मी झोपलेली असते."

"म्हणूनच तर सवय झालीय," ती म्हणाली आणि फूट वर करून दोरा ओवू लागली.